अकरा ओळी

कोशाच्या कचेरीत, ठाकूरद्वारच्या दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या वाट्याला ‘ह’ आला.
हळद संपवली, हिवताप संपवला,
मग आला हॅरोमीर, वॉल्टर.
इंग्लंडच्या उत्तरेकडचा कुणी मध्ययुगीन सरदार.
मर्यादा : अकरा ओळी.

चौदाव्या वर्षी राजाच्या ताटापुढे
पाव कापायला उभा राहिला.
अठराव्या वर्षी डाव्या हाताची दोन बोटं
कुठल्याशा दलदलीतल्या लढाईत ठेवून आला.
राजानं त्याच्याकडून आठशे मार्क उसने घेतले,
त्याची पावती आहे.
परतफेडीची नाही.

मग बाकीचे सरदार फिरले.
हिशेब करून, एकेक, तारीखवार फिरले.
हा फिरला नाही.
भिजकी टेकडी, वर किल्ला, आत एकतीस माणसं.
आधी घोडे खाल्ले,
मग खोगिरांचे पट्टे उकळले.
खालून ओरडून विचारत, कुणासाठी राखतोस रे?
राजाला तुरुंगात मरून तेव्हा तीन आठवडे झाले होते.
हा वरून म्हणाला,
ज्यानं किल्ल्या दिल्या त्याच्यासाठी.

इथवर सात ओळी झाल्या
आणि मी पेन खाली ठेवलं.

माझे वडील, हरेश्वर चुरी,
शिवडीला एका जहाज कंपनीच्या गोदामावर भांडारपाल.
शेठ एका शुक्रवारी सिंगापूरला गेले,
‘चुरी, किल्ल्या तुमच्याकडे असू द्या’
एवढंच जिन्यात बोलून.
कंपनी बुडाली. गोदामात उरले
गंजलेले दोन नांगर, फुगलेला काथ्या,
आणि एक टेबल.
वडील नऊ वर्षं डबा घेऊन जात राहिले.
आवक शून्य. जावक शून्य. खाली सही.
माझ्या शाळेच्या रजेच्या अर्जावरसुद्धा
सहीशेजारी कंपनीचा शिक्का मारायचे, जांभळा,
नीट फुंकर घालून वाळवायचे.
मी वाटेत त्यावर शाई सांडायचे.

नव्या राजानं वॉल्टरला माफ केलं.
म्हातारा आहे, म्हणाला, मरेलच.
तो लगेच मेला नाही.
आणखी सहा वर्षं पत्रं लिहीत राहिला,
शेतसारा, पाणचक्कीचा दगड, एक आजारी कुत्री,
आणि प्रत्येक पत्रावर
मेलेल्या राजाच्या कारकिर्दीचं साल,
दरवर्षी एकानं वाढवत.

जठारांनी माझा कच्चा खर्डा वाचला.
तांबड्या पेन्सिलीनं ‘एकनिष्ठ’वर काट मारली.
म्हणाले, हे मत झालं, माहिती नव्हे.
उद्या कुणी ‘मूर्ख’ लिहिलं तर तेही कापेन.
त्यांचं बरोबरच होतं.
तरी त्या रिकाम्या जागेकडे मी
दुपारचा चहा येईपर्यंत बघत बसले.
तिथे दुसरा कुठला शब्द बसतो?
वडिलांच्या बाबतीतही मला तो सापडलेला नाही,
आणि ते जाऊन आता चौदा वर्षं झाली.
किल्ल्यांचा जुडगा माझ्या कपाटात आहे.
गोदामाच्या जागी काय आहे, बघायला गेले नाही.

साधनांमध्ये शोधताना एक कागद लागला होता,
वॉल्टरच्या बायकोचा. नाव अ‍ॅव्हिस.
वेढा उठल्यावरच्या हिवाळ्यात ती मठाकडे
दोन पोती मीठ उधार मागते.
नवऱ्याचा उल्लेख नाही, राजाचा नाही.
मीठ, आणि कधीपर्यंत फेडीन ते.

आईचा पोहेहार लालबागच्या पेढीवर गेला
तेव्हा वडील कामावर होते.
ती पायीच गेली, पायीच आली,
आणि चुलीपाशी बसून
माझ्या फीचे पैसे दोनदा मोजले.

बायकोचं मीठ कोशात कशाला, जठार म्हणाले.
मी दोन दिवस भांडले.
लढाईची एक ओळ दिली, कर्जाची अर्धी दिली,
बोटं तर केव्हाच गेली होती.
शेवटी छापून आलं ते असं :
‘पत्नी अ‍ॅव्हिस. मीठ उधार मागणारे तिचे एक पत्र
उपलब्ध आहे. त्याचे उत्तर आढळत नाही.’